उचललेला बेल

माझ्या मायच्या उजव्या हाताच्या बोटांवर कायम बारीक ओरखडे असायचे. बेलाचे काटे सरळ आणि टोकदार असतात, पानाआड लपलेले असतात, आणि कितीही सावकाश हात घातला तरी एखादा लागतोच. आम्ही गुरव. गावच्या महादेवाची पूजा आमच्या घराकडं होती आणि पूजेबरोबर येणारी बाकीची कामंही आमच्याकडंच होती. देऊळ झाडायचं, शंख वाजवायचा, दर सोमवारी घरोघर बेल पोचवायचा, लग्नकार्याला पळसाच्या पत्रावळी पुरवायच्या. वडलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा पूजा करायचे आणि शंख फुंकायचे. उरलेलं सगळं माय करायची, पण गावात गुरव म्हटलं की दादाच. सोमवारी सकाळी माय ओसरीवर सुपात बेल ओतून निवडायला बसायची आणि मला शेजारी बसवायची. तिन्ही पानं पूर्ण हवीत, एकालाही भोक नको, कड कुरतडलेली नको. मी घाईघाईत एखादं भोकाचं पान चांगल्यात टाकलं तर ती ते उचलून शेळीपुढं टाकायची. एकदा मी वैतागून विचारलं होतं, एवढ्याशा भोकाचं देवाला काय कळतं. ती म्हणाली, "देवाचं देवाला ठावं. मला तर कळून राहिलं ना."

आमचं घर देवळाच्या मागच्या बाजूला होतं, दोन खोल्या आणि लांब ओसरी. सेनगाव तालुक्यातलं गाव, गोरेगावच्या अलीकडं. बाजार करायचा तर जीपनं गोरेगावला, त्याहून मोठं काम असलं तर हिंगोलीला. उन्हाळ्यात ओसरीत पळसाच्या पानांचे गठ्ठे दगडाखाली दाबून ठेवलेले असायचे. दुपारी माय आणि मी पत्रावळी टाचायचो. वाळलेलं पान दुमडताना चुरचुर आवाज यायचा, त्या आवाजात मी कितीतरी वेळा बसल्या बसल्या डुलक्या घेतल्या आहेत. जेवायला ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, सोबत शेंगदाण्याचा ठेचा. नैवेद्याचा भात घरी आला की तो आधी मायच्या हातात जायचा आणि ती तो सगळ्यांना घासघास वाटायची, स्वतःला शेवटी. आता माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये गॅस आहे, कुकर आहे, पण भात वाटायची ती पद्धत मला जमत नाही. मी सरळ ताटात वाढते.

सोजरमावशी आमच्या घरात कशी आली ते मला मायनंच सांगितलं. माझ्या वेळी माय तीन दिवस अडली होती. गावची म्हातारी सुईण हात टेकून उठली, तेव्हा कुणीतरी बौद्धवाड्यातल्या सोजरबाईला बोलावून आणलं. ती तेव्हा तरणीच होती, मायपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठी. तिनं पोटावर हात फिरवून बाळ आडवं आहे हे ओळखलं, वळवलं, आणि मी झाले. मायही वाचली. सोजरमावशी हातपाय धुऊन बाहेर पडली आणि बौद्धवाड्याच्या वाटेला लागलीही नव्हती, तोवर दादांनी आतल्या खोलीत गोमूत्र शिंपडलं. सोजरमावशीनं वळून ते बघितलं. हे सांगताना माय खाली बघायची. पुढं मात्र ती सोजरमावशीला कधी विसरली नाही. आषाढात कढईभर कापण्या केल्या की पहिला डबा वाड्यात जायचा, आणि तो नेऊन द्यायचं काम माझं. सोजरमावशी डब्याचं झाकण उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, गुरवाच्या पोरीला मीच पहिल्यांदा उचललं, देवानं नंतर.

मी अठरा वर्षांची झाले त्या साली ग्रामपंचायतीत आमचा वार्ड बायांसाठी राखीव निघाला. आमची गल्ली आणि बौद्धवाडा असा मिळून तो वार्ड. सोजरमावशी उभी राहिली. तिला निशाणी मिळाली कपबशी. तिचं मागणं एकच होतं, गावात बाळंतपणाची खोली आणि तिथं राहणारी नर्स. आदल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतली एक बाई सेनगावला नेताना जीपमध्येच दगावली होती, पोटातल्या लेकरासकट. सोजरमावशी घरोघर जाऊन तेवढंच सांगायची. मायनं तिला शब्द दिला. आमच्या चुलीपाशी बसून दिला, मी ऐकला.

समोर मालकांची धाकटी सून होती, निशाणी छत्री. मालक म्हणजे गावातले मोठे जमीनदार. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं, कारण वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. सोमवार पाळायचे, सप्ताहात अनवाणी उभं राहून पंगत वाढायचे. सप्ताहाला लोक उन्हात ताडपत्रीखाली बसतात याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. त्यांनी सांगितलं की सून निवडून आली की वर्षाच्या आत महादेवापुढं सिमेंटचा सभामंडप होईल. आणि गावाचं मन एक राहावं म्हणून वार्डातल्या प्रत्येक घरानं बेलभंडार उचलावा.

बेलभंडार उचलणं म्हणजे काय ते आमच्याकडं लेकरालाही कळतं. ताटात हळदीचा भंडार आणि त्यावर बेलाची पानं. घरातला कर्ता पुरुष ते पान उचलून कपाळाला लावतो आणि देवासमोर बोलतो. तो बोलला की सगळं घर बांधलं गेलं. जमिनीच्या भांडणात, चोरीच्या संशयात हे चालत आलेलं होतं. मतासाठी मात्र आमच्या गावात तोवर कुणी ताट मांडलेलं नव्हतं. दादांनी नाही म्हणायला हवं होतं. ताट त्यांच्या हातातलं, देऊळ त्यांच्याकडं. पण मालकांना नाही म्हणायची आमच्या घराला सवय नव्हती, आणि मंडप देवाचाच होणार होता. त्यांनी मायला बेल निवडायला सांगितला. माय ओसरीवर बसली. कशासाठी चाललंय हे तिला माहीत होतं, तरी त्या दिवशीही तिनं भोकाचं एक पान जाऊ दिलं नाही.

सोमवारी पूजा झाल्यावर माणसं ओळीनं आली. आम्ही बाया पायरीच्या खाली उभ्या होतो. वाड्यातल्या घरांना अर्थातच बोलावलं नव्हतं. एकेक जण पान उचलायचा, छत्रीचं नाव घ्यायचा आणि पान टोपीत ठेवून निघायचा. सगळे झाले तेव्हा मालक हसून म्हणाले की गुरवाचंही घर वार्डात आहे ना. दादांनी ताट पायरीवर ठेवलं, वाकून पान उचललं आणि कपाळाला लावलं. माझ्या शेजारी मायनं पदर तोंडाशी धरला.

दुपारी भाकर वाढताना ती म्हणाली की मी सोजरला शब्द दिलाय. दादा म्हणाले, बाईमाणसाच्या शब्दाचं काय घेऊन बसलीस, आता हे देवाचं आहे. माय म्हणाली, "देवाचं हाय म्हणूनच जीव खाली-वर हून राहिला." जेवण झाल्यावर भांडी घासली, लुगडं नीट केलं आणि मला म्हणाली, चल.

आम्ही भर दुपारी वाड्यात गेलो. सोजरमावशी दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. माय उभ्या उभ्याच बोलली, बसायला सांगितलं तरी बसेना.

"सोजर, माझं मत तुला येणार न्हाई. घरानं बेल उचलला. तुला हो म्हणायचं अन् मागून दुसरीकडं शिक्का मारायचा, ते माझ्यानं व्हत न्हाई. म्हणून सांगायला आले."

सोजरमावशीनं हातातली शेंग पुरी सोलली. "बेल तू उचलला का?"

"घरानं उचलला."

"मंग घरानंच जावं की मत टाकायला. तू काहून जातीस?"

मायचे डोळे भरून आले. मग सोजरमावशी उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि म्हणाली, "पी. उन्हात आलीस. बाकीचे तोंडावर हसून जाऊन राहिले, तू खरं सांगितलंस." माय खाली बसली आणि पाणी प्याली. आमच्या घरातलं कुणी वाड्यात पाणी पिण्याची ती पहिली वेळ. हापशावर आमच्या गल्लीतल्या दोन बाया हंडे भरत होत्या, त्यांनी ते बघितलं. परतताना मला मायचा इतका राग आला होता की मी तिच्या दहा पावलं पुढं चालत होते. एवढी खरी बाई, पण तिचं खरेपण सोजरमावशीच्या काय कामाचं, असं मला वाटत होतं. आजही मला या प्रश्नाचं उत्तर पुरतं सापडलेलं नाही. खोट्या ताटात उचललेला बेल पाळायचा असतो का? मायला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, ताट खोटं असेल, बेल खोटा नव्हता.

मतदान शाळेत होतं. दोन बाकं उभी करून त्यांना चादर लावली होती. त्या चादरीमागं मी पहिल्यांदा मत दिलं. कागदावर छत्री होती, कपबशी होती. बेल मी उचललेला नव्हता, मी कपबशीवर शिक्का मारला आणि कागद घडी करून पेटीत टाकला. बाहेर आले तेव्हा मला फार मोठी झाल्यासारखं वाटत होतं. घरी येताना माय आपणहून म्हणाली की मी छत्रीवर मारला. मी म्हणाले, मीबी. तिनं माझ्याकडं बघितलं. सुपातलं पान बघायची तसं बघितलं, आणि पुढं चालू लागली.

सोजरमावशी सात मतांनी पडली. जीपवाल्यानं बातमी आणली, आणि पाठोपाठ दुसरीही आणली, की वाड्यात जेवढी मतं आहेत त्याहून तिला पाच जास्त पडली. निवडून आलेल्यांनाही ही पाच मतं खुपली. बेल कुणीतरी मोडला होता. पण तेव्हा गुलाल चालला होता, सगळे हसत होते, आणि ती गोष्ट तेवढ्यावर राहिली.

मालक शब्दाला जागले. मंडप झाला. आमच्या देवळाच्या अंगणात, ओसरीच्या अगदी समोर, जुनं बेलाचं झाड होतं, माय वर्षभर ज्याची पानं काढायची ते. मंडपाची फरशी सगळीकडं सारखी हवी म्हणून मिस्त्रींनी खोडाला चिकटून सिमेंट ओतलं, वर सुंदर गोल कट्टाही बांधला. लोक येऊन कट्ट्यावर बसायचे आणि गार लागतंय म्हणायचे. पुढच्या श्रावणाच्या आधीच पानं पिवळी पडायला लागली. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी माय सूप घेऊन झाडाखाली उभी राहिली आणि सूपभर धड बेल निघाला नाही. आता कुणीही सांगेल की मुळांना पाणी पोचत नव्हतं, हवा पोचत नव्हती. तेव्हाही कुणाला तरी कळत असणार, शेतकऱ्यांचं गाव होतं ते. पण मंडपाला दोष कोण देणार? महादेवाच्या दारातला बेल वाळला, कारण बेलाची आण मोडली, हे सगळ्यांना लगेच पटलं.

तिसऱ्या सोमवारी मंडपात गाव जमलं. मालक चिडलेले नव्हते, दुःखी होते. ज्याच्याकडून चूक झाली त्यानं सांगावं, अभिषेक करू आणि विषय संपवू, असं ते म्हणाले. मग गल्लीतला एक जण म्हणाला की मताच्या आधी गुरवीणबाई वाड्यात जाऊन पाणी पिऊन आली होती, बायांनी बघितलंय. सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. दादा ताट घेऊन उभे होते, मी त्यांच्या शेजारी अभिषेकाची कळशी धरून. मालक जरा ओशाळून म्हणाले, गुरव, मनात किंतू नको, तुमच्या घरातल्या सगळ्यांनी एकदा बेल उचलून सांगा की आम्ही मोडला नाही. आधी बाईनं, मग पोरीनं.

मी भंडाराकडं बघत होते. महादेवावर माझा विश्वास होता, आजही आहे. त्या ताटातलं पान उचलून खोटं बोलणं मला जमलं नसतं, आणि खरं बोलायचं धैर्य माझ्यात नव्हतं. माय बायांमधून पुढं आली. तिनं ताटाकडं बघितलं. मग मान वर करून दादा आणि मी उभे होतो तिकडं बघितलं. किती वेळ बघितलं ते सांगता येणार नाही, फार नसेल. मग हात जोडून म्हणाली,

"माझ्याकडूनच चुकलं. म्या मोडला. पोरीला काहून उचलायला लावता, तिचं काही न्हाई त्यात."

मी बोलले नाही. या न बोलण्याला मी आजवर बरीच नावं देऊन बघितली. लग्नाची पोर होते, दादांची इज्जत होती, मायनंच पोरीचं काही नाही असं सांगून टाकलं होतं. सगळं खरं आहे आणि काही कामाचं नाही. मी भित्री होते. माझ्या डोळ्यांदेखत माझी माय खोटं बोलली, जन्मात पहिल्यांदा बोलली असेल, आणि मी कळशी धरून उभी राहिले. दादाही उभे राहिले. त्यांचं ताट हलत होतं, भंडार काठावरून सांडला, ते मला आठवतं.

असं ठरलं की तिनं यापुढं बेलाला हात लावू नये, देवळाची पायरी चढू नये. तिच्या हातची पत्रावळ पंगतीला नको. मारलं नाही, वाळीत टाकलं नाही, शिवी दिली नाही. गाव स्वतःला दयाळू समजत होतं आणि दादांनी मान हलवून सगळं मान्य केलं. त्या वर्षीच्या सप्ताहाला हिंगोलीहून कागदाच्या पत्रावळी आल्या. आमच्या ओसरीतले पळसाचे गठ्ठे दगडाखालीच राहिले आणि पुढं चुलीत गेले. माय दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाऊ लागली.

आठवड्यानं सोजरमावशी आमच्या अंगणात आली. मताचा शब्द घ्यायला आली होती, त्यानंतर ती आमच्या दारात पुन्हा आली ती तेव्हाच. मायला म्हणाली, "तू तर मला तोंडावर सांगून गेली व्हतीस. मी येते मालकासमोर, सांगते खरं काय ते." माय म्हणाली, "नको. तू बोललीस तर पुढचं इचारतील." सोजरमावशीनं मग माझ्याकडं बघितलं. मी खांबाआड होते. मायच्या पाठीवर हात ठेवून ती निघून गेली. पुढं तिनंच दादांना गळ घालून मला नर्सच्या ट्रेनिंगला पाठवायला लावलं. सोजरमावशी वारली तेव्हा मी परभणीला परीक्षेत होते.

ट्रेनिंगला जायच्या आधीचं दीड वर्ष सोमवारचा बेल मी निवडला. तो आता नदीकाठच्या झाडावरून यायचा. माय ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्याकडं पाठ करून ज्वारी पाखडत बसायची. ती वळून बघायची नाही, पण माझा हात भराभर चालायला लागला की तिकडून म्हणायची, सावकाश. रागावून नाही, साधंच. मला त्या क्षणी किती वेळा वाटलं की सूप बाजूला सारून तिच्या पायाशी जाऊन बसावं. एकदाही उठले नाही. पुढं नोकरी लागली, लग्न झालं, लेकरं झाली, बदल्या झाल्या. ती माझ्याकडं यायची, नातवंडांना तेल लावून द्यायची. क्वार्टरच्या मागं कुणीतरी लावलेलं बेलाचं झाड होतं, त्या बाजूची खिडकी ती उघडायची नाही. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पाच वर्षांपूर्वी ती साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. मी अख्ख्या तालुक्याच्या बाळंतपणांना धावलेली बाई, तिच्या उशाशी मात्र दोन रात्री बसूनही ते एक वाक्य मला बोलता आलं नाही. तिनं माझ्यासाठी केलं, मला ठाऊक आहे, एवढंच मला तिला सांगायचं होतं.

दादा तेव्हापासून माझ्याकडं असतात, वारंगा फाट्याजवळ. पूजा पुतण्याकडं गेली. त्यांना दिसतं कमी, पण ऐकू चांगलं येतं. गेल्या महिन्यात गावच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. निवडणूक आहे. आमच्याच मंडपात, आता त्याला टाइल्स आणि तीन पुढाऱ्यांच्या नावांची पाटी आहे, एक तरुण उमेदवार माईकवर बोलत होता. धर्म वाचवायचा असेल तर एकजूट दाखवा, म्हणत होता. मग स्टीलचं ताट आलं. माणसं ओळीनं बेलभंडार उचलू लागली आणि एक पोरगा प्रत्येकाचा चेहरा मोबाईलमध्ये घेत होता. आता पुराव्याची सोय झाली आहे. पूर्ण भाषणात देवाचं नाव कितीदा तरी आलं, आरोग्य उपकेंद्राचं एकदाही नाही. उपकेंद्राची इमारत मधल्या काळात झाली, तिला कुलूप आहे, हे मला आरोग्य खात्यातली असल्यामुळं माहीत आहे.

दुपारचा चहा झाला होता. दादांनी विचारलं, कसला आवाज आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "ताट कोणी धरलं?" मी पुतण्याचं नाव सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डुलकी लागली. मग बोलू लागले, माझ्याकडं न बघता.

"मंगल, त्या टायमाला बेल म्या मोडला व्हता."

मी फोन खाली ठेवला.

"पडद्यामागं गेलो. छत्रीवरच मारणार व्हतो. पर तुझ्या जन्माचा दिवस डोळ्यापुढं आला. म्या गोमूत्र शिंपडून राहिलो अन् ती सोजरबाई वळून पाहून राहिली. हितं आपल्याला कोणी पाहून न्हाई राहिलं, म्हणलं, फकस्त महादेव हाय. त्याला म्हणलं, तू समजून घे. अन् कपबशीवर मारला." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. "ताट माझ्या हातात व्हतं. गुरवानंच बेल मोडला म्हणल्यावर त्या देवळात कोण आलं असतं? तुझ्या मायला माझ्या तोंडावरून कळलं. तिनं माझ्यापायी अंगावर घेतलं अन् म्या घिऊ दिलं. तिला हातात बेल न्हाई घेता आला जन्मभर, म्या रोज वाहून राहिलो."

रडायची माझी रीत नाही, नोकरीनं ती घालवली. मी चहाचे कप गोळा केले आणि परत तिथंच ठेवले. तीस वर्षं मी समजत होते की ते माझं आहे. तिचं ते बघणं माझ्याकडं होतं, ते खोटं माझ्यासाठी होतं, तिची सगळी शिक्षा माझी होती. आणि शेजारी ताट धरून उभा असलेला हा म्हातारा तेवढीच वर्षं तेच समजत होता. त्या पाच मतांतली दोन आमच्या घरातली निघाली. उरलेले तीन जण त्या सोमवारी मंडपातच कुठंतरी मान खाली घालून बसले असतील.

मी म्हणाले, "दादा, मीबी कपबशीवरच मारला व्हता."

त्यांनी मान माझ्याकडं वळवली. धूसर डोळ्यांनी त्यांना माझा चेहरा कितपत दिसत होता कोण जाणे. ते ऐकलेलं पुन्हा पुन्हा मनात लावून बघत होते.

"मंजे पाळला फकस्त तिनंच," ते म्हणाले. आणि जरा वेळानं, "मंग तिनं नेमकं कोणापायी घेतलं?"

फाट्यावरून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. मी काय सांगणार होते? ती दोघांचं ओळखून होती की एकाचंच, की कुणाचंच नाही आणि नुसतं त्या ताटापुढं आपल्या माणसांना उभं करायचं नव्हतं तिला, हे आता कुठून कळणार. दादांनी गुडघ्यांवर हात ठेवले. मग अगदी हळू म्हणाले,

"आपुन दोघांतल्या एकानं तरी तिला इचारायला पायजे व्हतं."